बोर्डाची मागची बाजू

(सातपूर एमआयडीसीतली मदरबोर्ड डिझाइन करणारी छोटी कंपनी. जेवणाची सुट्टी. टेस्टिंग रूमचं दार आतून लावलेलं. आत मालक देवरे आणि दोन इंजिनिअर, आवेज आणि चैताली.)

आवेज : चैताली, सोड! तो प्रोसेसरचा कूलर खाली ठेव! मरतील ते!

चैताली : मरू दे.

देवरे : रक्त... आवेज, बघ किती येतंय. अरे, पकड ना तिला!

आवेज : पकडलंय, सर. तुम्ही भिंतीला टेकून बसा. चैताली, सगळं तांबं आहे ते, किलोभर. अजून एक बसला तर कवटी फुटेल.

चैताली : काल इथंच बोर्ड उडून नाझियाचा डोळा फुटला. तेव्हा कुणी पकडलं?

आवेज : बहीण माझी आहे. टेस्टिंगची नोकरी मीच लावून दिली तिला. मी उचलला का हात?

चैताली : तुला अजून माहीत नाही म्हणून. हा घे, कालचा जळका बोर्ड. उलटा कर.

आवेज : काय बघू?

चैताली : मागची बाजू. लेआउट तूच काढलायस.

आवेज : ...मागे काहीच नाहीये.

चैताली : हं.

आवेज : इथं चिप होती. करंट प्रमाणाबाहेर गेला की सप्लाय तोडणारी. प्रोसेसरला पॉवर पुरवणाऱ्या सहा टप्प्यांपैकी दोनसुद्धा मागेच टाकले होते मी. वीतभर बोर्ड, त्यावर सर्व्हरचा एवढा मोठा प्रोसेसर, पुढे जागा होती कुठं? सर, हे सगळं गेलं कुठं?

देवरे : दोन्ही बाजूंनी पार्ट लावायचे म्हणजे महिना वाढतो. पार्टी थांबली असती का? म्हटलं मागचं राहू द्या. बोर्ड चालू होतोय ना?

चैताली : चालू होतो! चालू करून लोड दिला की काय होतं ते काल बघितलं. मी सहा टप्प्यांचं गणित मांडलं होतं. तुम्ही चारांच्या डोक्यावर सगळं ओझं टाकलं आणि तोडणारी चिपपण काढली. आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही.

देवरे : कंपनी माझी आहे! आणि तिला चष्मा लावायला सांगितलं होतं. एवढं वाकून कशाला बघायचं? चूक तिची. पोलिसांना मी हेच सांगणार. वर तुमची मारहाण. बघू कुणाचं ऐकतात, माझं का ह्याचं.

चैताली : ह्याचं म्हणजे?

देवरे : कळतंय तुला.

आवेज : चैताली, ह्याच लॉटमधला दुसरा बोर्ड कुठाय?

चैताली : बेंचवर. सप्लाय जोडलेलाच आहे.

आवेज : उठा, सर.

देवरे : काय करतोस? मान सोड! आई गं, हात... हात मोडेल!

आवेज : हललात तर मोडेल. वाका खाली. अजून. अजून. हां, एवढंच अंतर होतं नाझियाचं. चैताली, लोड लाव.

चैताली : फुल?

आवेज : फुल.

देवरे : नको! नको रे भो! फुटेल तो!

आवेज : का फुटेल? चालू होतो म्हणालात ना?

देवरे : माहीत होतं मला! ताण सोसणार नाही, माहीत होतं! पाया पडतो तुझ्या, सोड!

चैताली : बोट स्विचवर आहे माझं. सांग.

आवेज : थांब. ह्या लॉटमधले बाकीचे बोर्ड कुठं पाठवले?

देवरे : नाही... ते...

आवेज : कुठं?

देवरे : आऽऽ! देवळ्याला! झुंबरशेठकडे. कॅमेऱ्यानं कांदा निवडायच्या मशीन आहेत त्यांच्या, त्यात बसवले.

आवेज : मशीन सुरू झाल्या?

देवरे : आज होणार होत्या.

चैताली : मी गेलेय तिथं, आवेज. पट्ट्याच्या दोन्ही अंगांनी बायका उभ्या असतात. बोर्डाची पेटी अगदी तोंडासमोर.

आवेज : फोन लावा. एक हात सोडतो. मान नाही सोडणार.

देवरे : हॅलो... झुंबरशेठ, देवरे बोलतोय. मशीन बंद करा. आत्ता, आत्ताच! मेन स्विच पाडा... पडू द्या माल. आधी बायकांना बाहेर काढा... बोर्डात खोट आहे, शेठ. फुटतील... हो. माझ्यामुळंच... हो, थांबतो.

चैताली : काय म्हणतायत?

देवरे : पाडला स्विच. बायका अंगणात आल्यात. शिव्या घालतोय शेठ.

चैताली : ठेवा फोन. आवेज, आता दाबू?

आवेज : बोट काढ.

चैताली : तिचा डोळा गेलाय, आवेज! ह्यानं घालवलाय!

आवेज : चैताली, बोट काढ आणि इकडं ये. मला ह्यांना सोडायचंय, पण माझा हातच सुटत नाहीये.

चैताली : ...थांब. आले. अंगठा ढिला कर आधी. आता ही बोटं. हां. सुटला.

देवरे : पाणी... कुणी पाणी द्या.

आवेज : हे घ्या. हळू. दार उघड, चैताली. पोलिसांना मीच बोलावतो.

चैताली : माझं नाव सांग. मारलं मी.

आवेज : मानेवरचे वळ माझे आहेत. जे झालं ते सगळं सांगू. तुझं, माझं, ह्यांचं.

चैताली : तुझा फोन वाजतोय.

आवेज : अम्मी आहे. मालेगावहून. सकाळपासून लावतेय.

चैताली : अजून सांगितलं नाहीस?

आवेज : थोडंसं भाजलं म्हणालो.

चैताली : उचल.

आवेज : हां, अम्मी... नहीं, पहले तुम बैठ जाओ. पास में कौन है?