आडवं झोपण्यापुरतं घर

—नाही हो काकू, उठू नका, बाबा येतीलच. कोपऱ्यावर आंबा बर्फी आणायला गेलेत. आज घराचं पक्कं होणार, तोंड गोड करायला हवं म्हणाले — आणि बर्फी काय ते नुसती घेत नाहीत, आधी कालची का आजची ते विचारतात, मग दुकानदार आजची म्हणाला की त्याला खोटं पाडतात, मग घेतात. वेळ लागतो. तुम्ही कोंढव्याहून एवढ्या लांब आलात, चहा तरी निवांत घ्या. आलं घातलंय. तो आवाज? ते आईचं वाफेचं मशीन. झालं की येईल बाहेर. तुम्हाला भेटायचं म्हणून सकाळीच चांगली साडी नेसून बसली होती, पण दम लागला. दिवाळी झाली की हे सुरूच होतं — आधी फटाके, मग थंडी, मग समोर ती बारा मजली उठतेय तिची धूळ, वर सकाळी झाडूवाले पानं पेटवतात. लोकांना पुण्याच्या थंडीचं काय कौतुक! कपाटातून स्वेटर काढायचे, टेकडीवर जायचं, उतरताना गरम काहीतरी खायचं. आमच्याकडे थंडी म्हणजे आई चार महिने बसून झोपते. खरंच सांगते. पाठीला उशा, पुढ्यात आणखी एक, आणि त्या पुढच्या उशीवर कपाळ टेकायचं. बालवाडीत बाकावर डोकं ठेवायला लावतात ना मुलांना, तसं. साठीची बाई.

डॉक्टर केव्हापासून सांगतायत, हिवाळाभर समुद्रकाठी ठेवा, उबदार हवा यांना मानवेल. सोपं आहे की नाही? दुसऱ्या कुणी काय केलं असतं? एक खोली बघितली असती, दोन बॅगा भरल्या असत्या, गेले असते. पण आमचे बाबा पाटबंधारे खात्यातले. ते धरणाला जागा शोधतात तशी जागा शोधणार! अलिबागला गेलो — तिथे म्हणे सगळी मुंबई सांडलेली असते. गुहागर आवडलं, पण घाटात आईला मळमळतं. आता मळमळतं म्हणजे दोनदा, एकदा जाताना आणि एकदा येताना, मधले चार महिने तर ती श्वास घेईल की नाही? पण नाही. दिवेआगरला विहिरीचं पाणी चाखलं आणि तोंड असं केलं की घरमालकाची बायको आत निघून गेली. मालवण लांब. गोवा? 'म्हातारपणी गोव्याला जायचं? लोक काय म्हणतील?' लोक काय म्हणणार, बाबा — तुमच्या श्यामलाबाई तिथे जाऊन पहाटे पाच वाजता नाचतायत म्हणतील? हसू नका, मी हे त्यांच्या तोंडावर म्हटलंय. दोन दिवस अबोला होता.

आणि सल्लागार! बागेतला कट्टा आहे त्यांचा. तिथे प्रत्येकाचा एक मेहुणा असतो, तो कोकणात राहायला गेलेला असतो आणि कंटाळून परत आलेला असतो. 'व्याख्यानं नाहीत हो तिथे, पेपर दुपारी येतो हो.' यांच्या व्याख्यानांपायी माझी आई उशीवर कपाळ टेकून बसलेली. या म्हाताऱ्या पुरुषांना काकू, आयुष्यभर कुणी ना कुणी ताट वाढून दिलंय ना, त्यामुळे त्यांना वाटतं सगळ्या गोष्टींना भरपूर वेळ असतो. वाट बघणारं माणूस दुसरंच असतं.

मग तुमचं श्रीवर्धनचं घर मिळालं. दिवाळीनंतर आठ दिवस हे दोघं राहून आले ना, तेव्हा मी ऑफिसच्या कामात अडकले होते, मला जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. मला वाटलं झालं काहीतरी. तर ती म्हणते, 'नीरजा, मी काल आडवी झोपले.' बस, एवढंच. दोनदा म्हणाली. 'कुशीवर झोपले गं, अगदी हात उशाखाली घेऊन.' मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले, काकू, माझी मॅनेजर आली तर तिला सांगितलं डोळ्यांत लेन्स टोचतीय. बाबा तर म्हणे घाबरून उठले, हिचा खोकल्याचा आवाज कसा येत नाही म्हणून नाकाशी हात धरून बघितलं. ती तुमची मागची पडवी, सुपारीची बाग, संध्याकाळचा तो वारा — सगळं सांगते मला. ते राखणीला असतात ना तुमचे, दादामियाँ, त्यांनी तिला रोज एक शहाळं आणून दिलं आणि वर म्हणाले, 'बाई, आमच्याकडे हवा फुकट आहे, लाजायचं नाही.' आणि एक गंमत सांगू? बाबा इथून भांडी घेऊन गेले होते. हो ना, कुकर, पातेली, पोळपाटसुद्धा. 'आम्ही तसलं काही मानत नाही हं, नुसती सवय' — हे वर. पण आईनं तुमच्याच त्या काळ्या कढईत भाजी केली, आठही दिवस. काय सुरेख तापते म्हणाली! बाबा पुन्हा पुन्हा वाढून घेत होते. त्यांना अजून माहीत नाही. तुम्हीपण बोलू नका.

तर आता तुम्ही आलात, बोलणं झालं की पुढच्या सोमवारी आईला घेऊन मी स्वतः जाणार, रजा काढलीय. बाबांनी कट्ट्यावर विचारायच्या आत. नाहीतर कुणाचा तरी मेहुणा निघेल श्रीवर्धनला.

बाबा म्हणजे कसे आहेत माहितीय — त्यांना चांगली वस्तू ओळखता येते. माणूस ओळखता येत नाही असंही नाही, ओळखतात, पण मग — जाऊ दे. आता हेच बघा, तुमच्या घराचा पत्ता त्यांना लागला तो कसा! मार्चमध्ये तुमचा शकील आला काय, बोलता बोलता... काय? दादामियाँकडून? दादामियाँनी तुमचा नंबर दिला असं सांगितलं बाबांनी? अच्छा.

बरं. मग तसंच असेल. चहा गार होतोय तुमचा.

नाही, तसं काही नाही. मी म्हटलं का शकील? — हो, म्हणजे म्हटलं. आता म्हटलंच आहे तर — काकू, तो आला होता इथे. तुम्हाला माहीत नाही? तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला. मालक दुबईला असतात, त्यांनी हो म्हटलं होतं, पण सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून घ्या म्हणाले, आणि सेक्रेटरी म्हणजे आमचे बाबा. त्याची बायकोपण होती बरोबर, बाळ मांडीवर. इथंच बसले होते ते, याच सोफ्यावर, आईनं पोहे केले होते. बाबांनी तर किती गप्पा मारल्या — मूळचे कुठले? श्रीवर्धनचे! वा वा. घर आहे तिकडे? बंद असतं? हवा कशी असते हिवाळ्यात? पाणी गोड आहे का? त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल काय आपुलकीनं विचारतायत. घरच्या मोठ्या माणसाचा नंबर द्या, सोसायटीत पद्धत असते, म्हणाले. त्यानं तुमचा दिला. झालं, आणि ते लिफ्टमध्ये शिरले नसतील तोच बाबा आईला म्हणाले, 'मुलगा सज्जन आहे. पण नको.' का नको? तर, 'मला काही नाही गं, बाकीचे असतात ना.' बाकीचे! मी विचारलं चार घरी, काकू, दारोदार जाऊन विचारलं. बाकीच्यांना पत्तासुद्धा नव्हता. आणि त्याला कळवलं काय, तर फ्लॅट मालकांच्या पुतण्याला द्यायचं ठरलं. पुतण्या! त्या माणसाला भाऊच नाही. फ्लॅट अजून बंद आहे, जाताना बघा हवं तर, दाराला अजून मागच्या वर्षीचं तोरण लटकतंय.

तुम्हाला काय सांगितलं त्यानं?

पाणी येत नाही? आमच्या सोसायटीत? आम्हाला चोवीस तास पाणी असतं, काकू... असं सांगितलं का त्यानं. तोच नको म्हणाला, त्यालाच पसंत पडला नाही, असं.

अहो नाही, खोटं म्हणजे — तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून असेल. आई-वडिलांशी बोलतात तसंच तो तुमच्याशी बोलणार ना, आम्ही सगळेच असं बोलतो. कप राहू द्या, मी उचलते. रोज कोंढव्याहून हिंजवडी? दोन बसेस? हो, घरी येतो तोवर बाळ झोपलेलं असणार, कळतंय मला. इथून कंपनीची बस मिळते, खाली गेटवरून — हो, माहितीय. म्हणून तर त्याला इथे हवा होता.

पण मग, एक मिनिट, त्याला हे ठाऊक आहे का, तुम्ही घर आम्हाला देताय ते? आमचं नाव सांगितलंत त्याला? श्रीधर म्हणून, कोथरूडचे? आणि काय म्हणाला?

'त्या काकू फार खोकत होत्या, अम्मी, दे त्यांना.'

असं म्हणाला?

बघा. बघा म्हणजे! — आणि आमच्याकडे हे. मला लाज वाटते काकू, या घरात राहायची लाज वाटते, मी आजच्या आज बाबांना... तुम्ही पर्स का घेताय? बसा ना. बाबांना येऊ द्या, त्यांच्या समोर विचारू आपण, मी विचारते. मी घाबरत नाही कुणाला. चांगलं तोंडावर — नाही? नकोय तुम्हाला? मग माफी मागायला लावते. मागतील ते, आईसाठी मागतील, त्यांना तसं बोलायला छान येतं. नाही, तशी माफी नाही, खरी — काकू, तुम्ही हे बाबांवर काढा ना, आईवर कशाला? आईचा काय दोष त्यात? तिनं तर पोहे केले होते. ती म्हणाली पण होती नंतर, 'मुलगी किती गोड होती, बाळाला बघून बरं वाटलं असतं या जिन्यात.' बाबांना? बाबांना नाही म्हणाली. मला म्हणाली. आत येऊन, हळू. तिला जोरात बोलवत नाही हो! दम लागतो.

सोमवारची रजा काढलीय मी. तिनं बॅग भरलीय, काकू, परवाच भरली, पातळ पातळ साड्या काढून, तिकडे उकडतं म्हणून. मी तिला काय सांगू? तुमच्या मुलानं 'दे' म्हटलंय ना? तोच म्हणतोय तर तुम्ही कोण — नाही, म्हणजे तुम्ही आई आहात त्याची, बरोबर. तुम्हाला त्रास होणारच. माझी पण आई आहे. मी काय चुकीचं सांगितलं? खरं तेच सांगितलं ना? मी गप्प बसले असते तर तुम्ही हसत हसत बर्फी खाल्ली असती आणि घर दिलं असतं, तुम्हाला तसं फसवायला हवं होतं का मी? तुमच्यासाठी बोलले मी! माझ्या बापाच्या विरुद्ध, माझ्याच घरात बसून, तुमच्या बाजूनं बोलले आणि तुम्ही चपला शोधताय. त्या तिकडे आहेत, स्टँडखाली.

विचार करून कळवते म्हणजे काय? म्हणजे नाही. आम्हाला कळतं तेवढं, आम्हीपण असंच कळवतो. मग सरळ नाही म्हणा की. घर बंदच पडलंय तुमचं, वाळवी खातेय, कोण येणार आहे तिथे? एका आजारी बाईला चार महिने झोपायला मिळालं असतं. एवढंही होत नाही. आपण एवढं पुढे होऊन करायचं, एवढं बोलायचं, आणि शेवटी तुम्ही लोक—

...

काकू.

काकू, तसं नव्हतं म्हणायचं मला. लिफ्ट वर येतीय, त्यात बाबा असतील, जिन्यानं जा तुम्ही. जा. — आले गं, आई! उठू नकोस, तू उठू नकोस, मी आले.