चेटकिणीच्या खुणा रचल्या कोणी?

...न्हाई, पण मी काय म्हणतो, माल माझा, गोष्ट माझी, बायको बी माझीच, अन् अख्खं देगलूर मलाच म्हणतंय, "रेवणसिद्धा, चेटकिणीचं तुला काय कळतंय, घरचीला विचारून सांग!" अरे, रचलं कोणी? म्या!

तुम्हाला सांगतो, बाजारात बिब्बे अन् ते फोडून काढलेली गोडंबी विकणारा माणूस मी. शेजारी जिलानीचं बांगड्यांचं दुकान. त्याच्याकडं बायांची झुंबड, माझ्याकडं माश्या! किती दिवस सोसायचं? एका बाजारी लावला आवाज, "बायांनो, चेटकीण वळखायची कशी, ठाव हाय का?" ...बास! अर्ध्या हातात बांगड्या तशाच, अन् बाया इकडं! आता पुढं काय सांगू? सुचंल ते सांगत गेलो. जादू फुकट होत न्हाई, म्हणलं, दर मंतराला अंगावर खूण उठती! म्हशीचं दूध आटवलं की भुवईत पांढरा केस. आभाळ बांधलं की टाच फुटती, उभी! अन् नवऱ्याचं तोंड बांधलं... इथं जरा थांबलो, बाया पुढं सरकल्या... नवऱ्याचं तोंड बांधलं की बोटांवर काळे ठिपके! घासा, धुवा, जाणार न्हाईत! कुठून सुचलं देव जाणे. कुठंतरी बघितल्यावानी वाटलं खरं.

जिलानी बसल्या जागंवरून विचारतो, "क्यों रे, ती चेटकीण कबूल करती का?" म्हणलं, कशाला करंल? लई साधं कारण सांगती! अन् तो बांधलेला नवरा? तो तर शपथ घेऊन सांगतो, की असलं काही नसतंच! ...बघा, कुठं फट ठेवली न्हाई. अन् उपाय काय, तर उंबऱ्याला बिब्बा! दुपारपर्यंत टोपली रिकामी. रचलं कोणी? म्या!

पुढच्या बाजारी मी भाकरी घरी इसरलो. हितंच घात झाला. आमची गौरम्मा, जन्मात कधी बाजारात पाय ठेवत न्हाई, ती भाकरी घेऊन आली! तिनं भाकरी बांधलेला धडपा सोडला, अन् जिलानीची बेगमबी किंचाळली, "उंगल्यां देखो गे!"

बघतो तर... ठिपके! काळे! दहाही बोटांवर! म्हणलं, आता ह्या बाया दगडं उचलतात का काय माझ्या बायकोवर! वरडलो, "अगं, बिब्ब्याचं तेल हाय ते! घरी बसून माझेच बिब्बे फोडती ती!" तर बाया एकमेकींकडं बघून हळूच, "बघा... साधं कारण." म्हणलं, खोटं हाय सगळं, शपथ, म्या रचलं! तर बेगमबी गालावर हात मारून घेती, "हाय अल्ला, कित्ता पक्का बांधी!"

जिलानीकडं बघितलं. मैतर माझा! रोज मूठमूठ गोडंबी खाणारा! "जिलानी, तू तरी सांग रे!" तर हा बांगड्या पुसत काय म्हणावा? "भाबी, सलाम." ...दगाबाज!

अन् दगडं? कुठली दगडं! दुसऱ्या दिवशी दारात नारळ! रांग! "गौरम्मा, आमच्या मालकाचं तोंड तेवढं बांध की गं!" चौकीवरच्या अमीनसाहेबाची बीबी बुरखा घेऊन बैलाच्या दमणीतून उतरली! मी गौरम्माला हात जोडले, "अगं सांग की ह्यांना खरं!" तिनं दोन्ही हात माझ्या नाकापुढं धरले. "तुम्ही वळखलं व्हतं का?" म्हणली. "लगीन झाल्यापासून फोडून राहिले. बाजारात गोष्ट सांगितली तवा आठवलं का, हे ठिपके कुणाच्या हातावर बघितले?"

आता ह्याच्यावर काय बोलणार?... न्हाई बोललो.

तर रांगेतल्या बाया एकदम, "बांधलं गं बांधलं! डोळ्यादेखत बांधलं!"

तवापासून बाजारात ती बसती. माझ्या जागंवर, माझ्याच खुणा सांगती, वर चार नव्या घालती... अन् चांगल्या असतात हो, हेच लई लागतं जिवाला. काल तिची भाकरी घेऊन गेलो, तर जिलानीनं माझा हात धरला, बोटं निरखली, अन् घाबरून म्हणतो, "रेवणसिद्धा... तू बी?"

काय सांगू त्याला? खरं सांगितलं तर म्हणंल, साधं कारण. "हाव," म्हणलो.

रचलं कोणी? म्या. अन् आता घरी बसून बिब्बे कोण फोडून राहिलंय?... म्याच.