मॅडमचा दवाखाना

वाशिमला मानसोपचाराच्या दवाखान्यात माझ्या बाकावर केनवडच्या सोजरबाई, त्यांचे पती उकंडराव आणि शिरपूरच्या नसीमबी बसले होते.

"पयल्यांदाच आल्या काय?" नसीमबींनी सोजरबाईंना विचारलं.

"हो. हे माहे घरवाले. दोन सालापासून कोनाशी बोलत नाहीत. पन फी झेपन का नाही, म्हून वापस जावं वाटून राह्यलं."

"बसा. माही पोरगी अनम बाळंत झाली, अन् लेकराले हातच लावे ना. मोठ्या शहरात नेलं. पाच मिनिटं पायलं, अन् फी इतकी का दुसऱ्या खेपेले आमी गेलोच नाही."

"अन् इथं?"

"इथं डाक्टर मॅडम घंटाभर बसल्या तिच्यासंग. गोळ्याबी सस्त्या देल्या. मी इचारलं, तुमाले परवडते कसं? म्हने, दवाखाना माहाच हाय. कोनाले किती टाइम द्याचा, किती पैसे घ्याचे, मीच ठरवते."

"पोरगी बरी हाय आता?"

"तीन महिने लागले. आज म्हनलं, लेकरू माह्यापाशी ठेव, तं देईच ना. मांडीवर घेऊन बसली हाय आत, मॅडमसमोर."

थोड्या वेळानं अनम बाळाला घेऊन बाहेर आली. सिस्टरनं उकंडरावांचं नाव पुकारलं. ते हलले नाहीत. सोजरबाईंनी त्यांचा हात धरला.

"चाला हो. मॅडमले घाई नाही म्हन्तेत. बोलावं वाटलं तवाच बोला."