चार बोटं आखूड

लिहून घ्या, पण माझ्या तोंडून निघंल तसंच घ्या. मधी सुधारू नका, कारण सुधारून सुधारूनच मी ही गोष्ट दोन वर्षं खोटी सांगत आलोय.

आमचं घर सुताराचं, गाव येरमाळ्याजवळच. वडलांना सगळे आण्णा म्हणायचे, मी पण आण्णाच म्हणायचो. आण्णा टांग्याच्या दांड्या करायचे. टांगा करणारे लई होते, पण दांड्यांसाठी लोक आमच्याच दारात यायचे. तुम्ही म्हणाल दांड्यात काय एवढं, दोन लांब लाकडं, मधी घोडं, झालं. मला पण तसंच वाटायचं, म्हणून तर आज ही पाळी आली.

आण्णा घोड्याला कधी उभं मापायचे न्हाईत. अंगणात पाणी मारायचे, चिखल न्हाय, नुसती ओल, आणि त्या ओलीवरून घोड्याला चालवायचे, मग दुडकीवर न्यायचे, मग वाकून एकेक खुराचा ठसा बघायचे. मागचा पाय कुठवर जातो, पुढच्याच्या किती मागं पडतो. मग सुतळी घ्यायची आणि तिला गाठी मारायच्या. खांद्याला एक गाठ, पुठ्ठ्याला एक, मागचा खूर जिथवर फेकला जातो तिथं तिसरी, आणि त्याच्याही मागं, गाडीच्या बाजूला, वीतभर जागा मोकळी सोडायची. का तर उतारावर गाडी घोड्याच्या अंगावर येते. पुठ्ठ्यामागचा पट्टा कितीही आवळा, थोडी येतेच. ती वीतभर जागा नसली तर गाडीची पुढची आडवी पट्टी घोड्याच्या मागच्या पायांवर आदळते. आण्णा म्हणायचे, उभं घोडं खोटं बोलतं बाबा, चालतं घोडं खरं बोलतं. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की ऐकायचंच बंद केलं.

प्रत्येक घोड्याची सुतळी वेगळी. तिला रंगीत चिंधी बांधायची, म्हणजे कुठली कुणाची ते कळावं, आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवायची. आमची एक भिंत अशी सुतळ्यांनी भरलेली होती. येडाई देवीच्या यात्रेला माणसं आणणारे टांगे, स्टेशनचे टांगे, सगळ्यांची घोडी त्या भिंतीवर.

आता माझं ऐका. मी धाराशिवला वेल्डिंग शिकलो. लाकूड म्हणजे मागासलेपण असं डोक्यात बसलं. आण्णा गेले तोवर टांगे पण गेले होते, रिक्षा आल्या, सहा सीटर आल्या. मी हायवेला वर्कशॉप टाकलं, ग्रिल, शटर, उसाच्या ट्रॉल्या. आणि त्या भिंतीवरच्या सुतळ्यांचं काय केलं म्हणता? एकेक काढून सळयांच्या मोळ्या बांधायला वापरल्या. बापाची आयुष्यभराची विद्या मी लोखंड बांधायला वापरली. असा माणूस बोलतोय तुमच्याशी, हे ध्यानात ठेवून पुढचं लिहा.

मग आलं बग्ग्यांचं खूळ. काय सांगू तुम्हाला, ज्यानं जन्मात शेळीच्या पाठीवर हात ठेवला न्हाय त्याला लग्नात घोड्याची बग्गी पाहिजे. बग्गी कसली, फायबरचे दोन मोर, मधी गादीचं सिंहासन, चारी बाजूंनी लायटीच्या माळा, मागं बॅटऱ्या. नवरदेव वर बसून राजासारखा हात हलवणार, आणि हा राजा परवापर्यंत माझ्या वर्कशॉपपुढं मोटरसायकल बंद पडली म्हणून ढकलत चाललेला मी बघितलेला. लोक येऊन विचारायचे, मोर किती मोठा, गादी लाल का मरून. घोडं कुठलं जुंपणार हे एकानंपण विचारलं न्हाय. घोडं म्हणजे त्यांना फोटोतला पडदा. त्यांना हसायचा मला काय अधिकार म्हणा, मी तर त्यांच्याहून हलका. त्यांना कळत नव्हतं, मला कळत असायला पाहिजे होतं.

मी एक फर्मा केला. आण्णांच्या तोंडी असलेलं मध्यम घोड्याचं माप मला पाठ होतं. तेवढा पाईप कापायचा, फर्म्यात घालून वाकवायचा, मारला वेल्ड, झाली दांडी. एका दिवसात दोन बग्ग्यांच्या दांड्या. मी चारचौघात सांगायचो, आण्णांना एका जोडीला पंधरा दिवस लागायचे, आता बघा.

आणि त्यातच चूक झाली, अशी चूक की जी फक्त सुताराच्या पोटी जन्मून वेल्डर झालेला माणूसच करू शकतो. लाकडाची दांडी गाडीच्या बाहेरून, बगलेला बसते, तिची पुढची लांबी आण्णा पट्टीपासून मोजायचे. माझा पाईप मात्र पट्टीच्या आत, बग्गीच्या पोटाखाली चार बोटं घुसवून वेल्ड केलेला. म्हणजे कापताना चार बोटं जास्त धरायला पाहिजे होती. मी धरली न्हाईत. माझी प्रत्येक बग्गी चार बोटं आखूड होती. लग्नाला आणायचे ती घोडी बारकी, आखूड टापेची, कसंतरी भागून जायचं. आणि वरातीत घोडं चालतं कुठं, ते डीजेपुढं उभंच असतं.

मैनुद्दीन चाचा म्हणजे आण्णांचा दोस्त. जुना टांगेवाला. आण्णांनी हयातीतली शेवटची जोडी केली ती चाचांच्या टांग्याची, रेशमा घोडीसाठी. रेशमा उंच, लांब, पाय टाकायची तर असं वाटायचं जमीनच मागं सरकतीय. टांगा बंद पडला तरी चाचांनी तिला विकलं न्हाय, लग्नाला द्यायचे. आमच्या भागातल्या एका मंडपवाल्यानं माझ्याकडून बग्गी घेतली आणि घोडी चाचांची ठरवली. चाचा घोडी घेऊन माझ्याकडं आले. म्हणले, बेटा, इसका कदम लंबा है, जमीन पे पानी मार, चला के देख, सुतली लगा ले एक बार. मी काय म्हणलं ऐका. मी म्हणलं, चाचा, आता घोड्यासाठी दांडी न्हाय करत कुणी, दांडीत बसंल असं घोडं आणत्यात. आणि हसलो. कामाला आलेली माणसं पण हसली.

कोपऱ्यात सळयांची मोळी होती, तिला बांधलेल्या सुतळीला हिरवी चिंधी होती. चाचांनी वाकून गाठ सोडली, म्हणले, ये लेता मैं. मी म्हणलं घ्या की चाचा, कचराच हाय.

लग्न होतं ढोकीकडं. भर दुपारी वरात निघाली. कार्यालयाच्या अलीकडं रस्त्याला उतार आहे, खाली नाली. बग्गीत नवरदेव, त्याचे दोन मेहुणे आणि कलवरी, वर मोर, मागं बॅटऱ्या, एवढा भार. उतारावर बग्गी पुढं आली आणि पट्टी घोडीच्या पायावर बसली. एकदा बसली, घोडीनं सोसलं. दुसऱ्यांदा बसली, सोसलं. चाचा ओरडायले बाजा बंद करो, उतरो सब, कोण ऐकतंय. तिसऱ्यांदा बसली तेव्हा तिनं दोन्ही पाय झाडले. मोराची मान तुटली, नवरदेव फेट्यासकट नालीत. लागलं न्हाय त्याला फार, अब्रू तेवढी भिजली. सगळ्यांनी आधी मोबाइल काढले, मग नवरदेवाला काढलं.

दुसऱ्या दिवशी बग्गी, घोडी, चाचा, मंडपवाला, नवऱ्याकडची माणसं, सगळा लवाजमा माझ्या वर्कशॉपपुढं. मंडपवाला म्हणतोय घोडी लाथाळ हाय, म्हाताऱ्यानं फसवलं. चाचा म्हणत्यात, घोडी ने कुछ नै किया बाबा, दांडी छोटी है, ये देखो, आणि घोडीचा मागचा पाय धरून दाखवतायत, गुडघ्याखाली कातडं सोललेलं, दोन्ही पायांना एकाच उंचीवर. आंधळ्याला पण कळंल असं. आणि ती लाथाळ म्हणवणारी घोडी एका म्हाताऱ्याला जखमेचा पाय धरू देऊन उभी. एवढं समोर असून एकाच्या डोक्यात उजेड पडला न्हाय.

मंडपवाला म्हणला, मिस्त्री, सगळ्यांसमोर माप काढा.

मी टेप घेऊन खाली बसलो. पट्टीपासून धरायचा तर हात आपोआप आत गेला. बग्गीच्या पोटाखाली माझा अंगठा वेल्डच्या रेघेवरून फिरला, खरखरीत, मीच मारलेली रेघ, आणि त्या क्षणाला मला कळलं. समजा तोवर कळलं नव्हतं, तेव्हा कळलं. वर बघितलं तर दहाबारा जण माझ्या तोंडाकडं बघतायत. मी टेपाचं टोक आतच धरलं. पट्टीला न्हाय, आत, पाईप जिथं संपतो तिथं. आकडा बरोब्बर आला. येणारच होता, कापलाच तेवढा होता. मी मोठ्यानं म्हणलं, बघा, आण्णांचं माप हाय, एक सूत कमी न्हाय.

बापाच्या नावानं बोललो. साधं खोटं बोललो असतो तरी परवडलं असतं.

चाचांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. हात आत राहिला थोडा वेळ. मग रिकामाच बाहेर काढला आणि म्हणले, आण्णा का माप है तो बराबर ही होगा. लगाम धरला आणि चालत गेले.

त्या दिवसापासून रेशमा लाथाळ झाली. असलं नाव घोड्याला लागलं की पुसत न्हाय. मंडपवाले एकमेकाला सांगत्यात, व्हिडिओ तर गावोगाव गेलेला. चाचांना एक पण लग्न मिळालं न्हाय. पावसाळ्याआधी त्यांनी घोडी दिली, आणि गिऱ्हाईक कोण असणार, वीटभट्टीवाला.

वर्षभरानं भट्टीवर ट्रॉलीच्या कामाला गेलो होतो. तिथं दिसली. पाठीवर विटा. मागच्या दोन्ही पायांवर, जिथं पट्टी बसली होती, तिथं पांढरे केस उगवलेले, पट्टा काढावा तसे. मी भट्टीवाल्याला म्हणलं, लाथ मारते का हो ही? तो म्हणला, छ्या, येडे का काय तुम्ही, पोरं हिच्या पोटाखालून इकडची तिकडं पळत्यात, पाय उचलत न्हाय. तिथंच सोडवून आणायला पाहिजे होती का न्हाय? मी आणली न्हाय. चाचांना काय सांगू, लोक विचारतील तर काय सांगू, हाच विचार करत मोटरसायकलला किक मारली.

पण झोप गेली माझी. शेवटी मंडपवाल्याच्या दुकानात गेलो, पाचसहा माणसं बसलेली बघूनच गेलो, आणि उभ्या उभ्या सांगितलं की माप मी खोटं धरलं, दांडी आखूड होती. मला वाटलं शिव्या देतील, कानफटात मारतील. तो म्हणला, बसा मिस्त्री, चहा घ्या, जुनं झालं ते, आणि घोडीच होती की, माणूस थोडाच होता. सगळे हसले. तिथं मला पहिल्यांदा कळलं की मी कुणाच्या नजरेत राहायला खोटं बोललो होतो. ह्यांच्या!

तिथनं उठून चाचांकडं गेलो. चाचा बाजेवर बसलेले. मी सगळं सांगितलं, अंगठा कुठं फिरला ते पण. चाचा म्हणले, मालूम है बेटा. उशाखालून हिरव्या चिंधीची सुतळी काढली. रेशमाची. म्हणले, उस रोज जेब में थी. मी म्हणलं चाचा मग काढली का न्हाय, तिथंच लावून दाखवायची, माझं तोंड काळं करायचं. चाचा म्हणले, तूने आण्णा का नाम ले लिया ना. मैं सुतली निकालता तो लोगाँ बोलते, आण्णा का बेटा झूटा. नाम तो उनकाच जाता.

बाहेर आलो आणि सरळ भट्टीचा रस्ता धरला. भट्टी उठलेली. राख, फुटक्या विटा, बाकी काय न्हाय. आसपास विचारलं, कुणी म्हणलं ते लोक कर्नाटकाकडं गेले, कुणी म्हणलं जनावरं वाटेतच विकली. तीन बाजार फिरलो. मिळाली न्हाय.

आजवर केलेल्या सगळ्या बग्ग्या मी परत बोलावल्या आणि दांड्यांना चार बोटांचा जोड घातला. मालक कुरकुरतात, म्हणत्यात जोड दिसतो, रंग तरी मारा. मी मारत न्हाय, दिसू दे. नवीन बग्गी असली तर वर्कशॉपपुढं पाणी मारतो, घोडं चालवतो, सुतळी लावतो. गिऱ्हाईक मोबाइलमधे बघत उभं असतं, म्हणतं मिस्त्री किती टाइमपास करताय. करू दे. त्यांच्या म्हणण्याला मी एकदा किंमत देऊन बसलोय.

चाचा कधीमधी येतात, खुर्चीवर बसून खुरांचे ठसे बघतात, मी गाठ चुकीची मारली तर नुसतं खाकरतात. माफ केलं असं कधी म्हणले न्हाईत, मी विचारलं पण न्हाय. येडाई त्यांना धडधाकट ठेवो. भिंतीला एक खिळा मारलाय, त्यावर हिरव्या चिंधीची सुतळी आहे. त्या मापाची दांडी मी करून ठेवलीय, लाकडाची, धामणीच्या झाडाची, बसवायला घोडी न्हाय.

माझं नाव न्हाय लिहिलं तरी चालंल. तिचं लिहा. रेशमा लाथाळ नव्हती. दांडी आखूड होती, चार बोटं.