कुत्रीसकट खोली

सुरैय्या : नाय म्हणजे नाय गो पोरी! मागची खोली देते, नळाचं पाणी देते, मोरी तर वेगळीच हाय. पण कुत्रं नको. नमाजाचं घर हाय हे.

करिश्मा : चाची, ती घरात पाय ठेवत नाय. पेणला पण कधी आत आली नाय. बाहेरच असायची, भिंतीला टेकून.

सुरैय्या : आता हुदाला काय म्हणू मी? सख्खी भाची माझी, फोनवर सांगते कशी, ‘खाला, माझ्याबरोबर पॅकिंगला हाय, पोरगी कष्टाळू, बाप गरीब गाय.’ कुत्रीचं नाव तोंडातून काढलान नाय!

करिश्मा : मीच नको म्हटलं होतं तिला. आधी सांगितलं की लोक फोनच ठेवून देतात. म्हटलं, समोर जाऊन बोलू.

अय्यूब : हुशार हाय. मस्कतला आमच्या शेठला असंच गाठायला लागायचं, दारात. फोनवर तो कायम ‘उद्या’ म्हणायचा.

सुरैय्या : तुम्ही मध्ये तोंड घालू नका. मांडीवरचं करडू बघा आधी. घेतलान काय दूध?

अय्यूब : कुठचं घेतंय! निपल तोंडात धरतच नाय. जीभ गार पडत चाललीय गो. सकाळी आई गेली याची, पोरी. व्याली आणि लगेच मान टाकलीन. दुसऱ्या शेळ्या याला शिंगावर घेतात, जवळ उभं करत नायत.

करिश्मा : अगोबाई. केवढंसं हाय.

सुरैय्या : ती शेळी मी हातावर वाढवली होती. पोरगा फहाद दुबईला गेला, घर खायला उठलं, तेव्हा तीच होती मागं मागं फिरायला. जाऊ दे तो विषय. तू सांग, रोह्यात दुसरीकडं बघितलंस की नाय?

करिश्मा : बघितलं ना. अष्टमी गावात बघितलं, वरसे गावात बघितलं. एक जण तर ‘उद्याच या राहायला’ म्हणाला. मग आडनाव विचारलान. म्हणतो, ‘आदिवासी वाडीवरचे काय तुम्ही? मग खोली गेली.’ उभ्या उभ्या गेली ती खोली! आणि जिथं आडनाव चाललं, तिथं ही कुत्री, माझी तांबी, नाय चालली.

सुरैय्या : मला आडनावाचं काय नाय हां. तसं मनात आणू नको.

अय्यूब : आणि आपण कुठल्या तोंडानं विचारणार? आपला पुतण्या नावेद पनवेलला जागा बघत फिरत होता ते विसरलीस? हातात दिलेली चावी परत घेतलीन त्या माणसानं. नाव ऐकलं आणि बायकोला बरं नाय म्हणाला.

सुरैय्या : नावेदबरोबर कुत्रं नव्हतं.

अय्यूब : नव्हतं ना. तरी नाय मिळाली.

सुरैय्या : तुम्ही बाटली धरा! बोलायला लागले की हात थांबतो यांचा. पोरी, पेणची जागा का सोडलीत पण?

करिश्मा : सोडली नाय चाची, काढलं आम्हाला. माझ्या आजाला वीटभट्टीवर आणलेला, तेव्हापासून तिथंच होतो. मोठा शेठ गेला, पोरांनी जमीन विकली. आठवडाभर राहा म्हणाले आणि दोन दिवसांत जेसीबी आणला. मी शिफ्टला, बाबा बाजारात. शेजारणीनं भांडी, अंथरुणं, आधारकार्डाची पिशवी, सगळं बाहेर काढलं बिचारीनं. तांबीची पिल्लं मागच्या भिंतीच्या आडोशाला होती. ती कुणाच्या ध्यानातच आली नायत.

सुरैय्या : या अल्ला! सगळी?

करिश्मा : सगळी. डोळे पण उघडले नव्हते. तांबी विटा उकरत बसली. पंजे सोलवटले तरी हलेना, शेवटी मीच ओढून आणली. परवाची गोष्ट ही. आता दूध साठून आचळं दगडासारखी झालीत, हात लावला की कळवळते. खात पण नाय काय.

अय्यूब : च्‌ च्‌ च्‌. मुकं जनावर. सांगणार कुणाला?

सुरैय्या : काळीज तुटतं गो ऐकून. खरंच सांगते. पण मी सकाळ-संध्याकाळ नमाजाचे कपडे पाक सांभाळून वावरणारी बाई. ती येणार, अंग झटकणार, ओलं नाक लावणार. मला नाय जमायचं. खोटं कशाला बोलू?

करिश्मा : नका बोलू खोटं. तुम्ही निदान तोंडावर सांगितलंत. मग असं करा, खोली आम्हाला दोघांनाच द्या.

सुरैय्या : आणि ती?

करिश्मा : बाबा म्हणतो कोलाडला सोडू. हायवेच्या ढाब्यावर उष्टं मिळेल. नाक्यावर टेम्पोत सामान घेऊन बसलाय तो, मिथुन टेम्पोवाला सारखा फोन करतोय, त्याला पेणला परत जायचंय. मी तिची माफी मागितली वाटेत. तिला काय कळणार म्हणा.

अय्यूब : त्या हायवेवर? ट्रक बघितलेत काय कसे जातात?

करिश्मा : मग काय करू चाचा? बाप म्हातारा हाय माझा. त्याला पण रस्त्यावर ठेवू? एकाला निवडायला लागलं तर मी कोणाला निवडू, सांगा ना तुम्ही!

सुरैय्या : रडू नको गो. पाणी घे. कुठं बांधलीस तिला?

करिश्मा : तुमच्या फाटकाला.

अय्यूब : आता ओरडलं बघ करडू. बऱ्याच वेळानं आवाज काढलान.

करिश्मा : चाचा, तांबी ओढतेय. तांबी! बस तिथं! बस म्हणते ना!

सुरैय्या : सुटली, सुटली! अवो उचला ते करडू! फाडील ती त्याला! काठी कुठं हाय?

करिश्मा : चाची, मारू नका! थांबा! पाया पडते तुमच्या, ओरडू नका. जरा बघा तिच्याकडं.

अय्यूब : सुरैय्या, काठी खाली टाक.

सुरैय्या : अवो, तोंड लावतेय ती त्याला!

अय्यूब : चाटतेय गो. आई व्याल्यावर चाटते तशी. बघ, कान चाटले, नाक चाटलं. आता पाठ. मी जमिनीवर ठेवतो त्याला.

करिश्मा : सावकाश ठेवा. दचकेल.

अय्यूब : पाय लटपटतात पण उभं राहिलं. सकाळपासून उभं नव्हतं राहिलं हे.

करिश्मा : तांबी, हळू. हळू गो माझी बाय.

सुरैय्या : ती का अशी पाय फाकवून उभी राहिली?

करिश्मा : मला... चाची, मला वाटतं... नाय, मी नाय बोलत. तुम्हीच बघा.

(करडू ढुशा देत कुत्रीच्या पोटाखाली शिरतं, पुढचे गुडघे टेकतं.)

अय्यूब : लागलं. लागलं गो प्यायला!

सुरैय्या : सुभानअल्ला.

अय्यूब : शेपूट बघ कशी हलवतंय.

सुरैय्या : सुभानअल्ला, सुभानअल्ला. अवो, माझ्या अंगावर काटा आला, हे बघा. आयुष्य शेळ्यांत गेलं माझं, असलं काय बघितलं नाय मी. मोठी झाले, म्हातारी झाले, नाय बघितलं.

करिश्मा : तिला दुखत असेल चाची. किती ढुशा मारतंय ते. मी हात लावला तर चावायला आली होती. आता हूं का चूं नाय.

सुरैय्या : डोळे मिटलेत तिनं.

अय्यूब : माझी आई सांगायची, रिझिक ज्याचं त्याला पोचतं. खाणं ज्याच्या नावचं, ते त्याच्या तोंडात पडतं, वाट कुठची का असेना. मी हो हो करायचो. आज बघतोय.

सुरैय्या : पेणवरनं आलं गो दूध! माझ्या करडासाठी पेणवरनं आलं. हिची लेकरं गेली, तरी ते अंगात ठेवलंन अल्लानं. आणि मी फाटकातनं परत धाडत होते! मी कोण गो धाडणारी?

करिश्मा : तुम्ही रडू नका ना चाची.

सुरैय्या : रडू दे. बरं वाटतंय.

अय्यूब : एक सवाल हाय पण. कुत्रीच्या दुधावर वाढलेलं करडू उद्या खायला चालायचं काय? मौलवीसाहेबांना विचारायला लागेल.

सुरैय्या : कापणार कोण त्याला? मी नाय कापू द्यायची, अल्लाची कसम! मिटला सवाल.

अय्यूब : अगो, अगो, काय करतेस! हात लावलास तिला! आणि तिनं चाटला पण, ओला झाला हात.

सुरैय्या : होऊ दे. धुवीन की. सात वेळा धुवीन, त्यात एकदा मातीनं, आमच्या धर्मात सांगितलंय तसं. नळाला पाणी हाय, परसात माती हाय. काय कमी हाय मला? कपाळ किती तापलंय हिचं, पोरी. पाणी दिलंस काय हिला?

करिश्मा : सकाळी दिलं होतं, नाय प्यायली. मिथुनचा फोन येतोय परत. चाची, पोट भरू दे त्याचं, मग मी हिला घेऊन जाते. थांबवून ठेवायला सांगते टेम्पो.

सुरैय्या : कुठं नेतेस?

करिश्मा : कोलाडला. ठरलं ना मघाशी. हिनं दूध पाजलं म्हणून मी अडून बसणार नाय. मेहेरबानी नाय केली हिनं कुणावर, हिला पण मोकळं वाटलं असेल.

अय्यूब : ऐक सुरैय्या, काय बोलते ती.

सुरैय्या : ऐकते. बहिरी नाय मी. पोरी, हे करडू संध्याकाळी परत भुकेजणार, सकाळी परत भुकेजणार. आणि ही? कोलाडच्या ढाब्यावर उभी राहून कुणाला हुडकणार? तिथं पण विटा उकरायला लावायच्यात काय हिला?

करिश्मा : चाची...

सुरैय्या : गोठ्यात राहील ही, करडाजवळ. घरात नाय, ते मी अजून पण सांगते. माझ्या जानमाजच्या, नमाज पढायच्या खोलीपाशी दिसली तर तुलाच रागवीन.

करिश्मा : नाय येणार. शपथ घेते. खरंच राहू आम्ही? तिघं पण?

सुरैय्या : बापाला फोन लाव आधी, उन्हात बसलाय बिचारा. मोतीराम ना नाव? सांग त्याला, सामान मागच्या बाजूनं घे, पुढची वाट अरुंद हाय.

करिश्मा : हॅलो, बाबा? टेम्पो आत घे. व्हय, तांबी पण... बाबा, रडतोस काय? ऐकू येत नाय, ये तू आधी.

अय्यूब : मी चहा टाकतो. पातेलं मोठं घेतो.

सुरैय्या : आणि करिश्मा, त्या खोलीची कडी गंजलीय गो. नुसती ओढू नको. दार जरा वर उचल, मग उघडतं.