पांढऱ्या शिरेचे दगड

(माण तालुक्यातली सामाईक शेतीची वस्ती. पाराचं माप घेणारी कॉलेजातली सृष्टी, शेजारी बनुबाई.)

सृष्टी : आज्जी, सगळ्यात खालचे वेडेवाकडे दगड कुणाचे गं?

बनुबाई : मेंढक्यांचं. ती पयली. मग हिरीच्या कामाला गवंडी आलं, मग आमी कोयनंची मानसं. ऱ्हायला येनाऱ्यानं आपल्या गावचा एक दगूड आनायचा. पारात बशीवला की त्यो वस्तीचा मानूस. शंभर एकरात त्येचाबी नांगर.

सृष्टी : मग इथं राहायला येऊ पाहणाऱ्या ताहेराचाच दगड का अडवलाय?

बनुबाई : तुज्या बाला इचार. चेअरमन झाल्यापास्नं लय ताठलाय.

सृष्टी : ‘निघून गेलेल्यांची नात, तिला कसली जागा’, असं म्हणतायत. आत्ता बैठकीत नाहीच म्हणणार. बरं, आमचा दगड कुठला?

बनुबाई : ह्यो, शेंदराचा. दसऱ्याला नारळ फोडता की.

सृष्टी : थांब थांब! यातली पांढरी शीर शेजारच्या दगडात तश्शीच पुढं गेलीय. तो कुणाचा?

बनुबाई : जैनुद्दीन गवंड्याचा. ताहेराच्या आज्याचा.

सृष्टी : ते विट्याचे, आपण पाटणकडचे. मग शीर एक कशी?

बनुबाई : साठ वरसांत कुनीतरी इचारलं बाई!

हंबीरराव : काय चाललंय काकी? बैठकीचा टाइम झाला. सृष्टे, टेप ठेव.

सृष्टी : बाबा, दोनच मिनिटं. सांग ना आज्जी.

बनुबाई : धरनाचं पानी चढलं तवा मी आठ वरसांची. समद्यांनी दगूड आनलं. हिच्या आज्यानं, नाथाजीमामानं, आजारी आईला पाठीवर घेतली, दगूड ऱ्हायला. हितं पाराम्होरं बसून रडला त्यो.

हंबीरराव : आमचं आबा? रडलं?

बनुबाई : व्हय रं, तुजंच आबा. गाव पान्यात, आता आननार कुठनं? जैनुद्दीननं छन्नी काढली. सोताचा बशीवलेला दगूड उचकटला, मधोमध फोडला. म्हनला, घे गड्या, अर्धा तुजा.

हंबीरराव : आन् मला कुनीच सांगितलं न्हाई?

बनुबाई : तू कवा इचारलंस? निसता नारळ फोडत आलास.

सृष्टी : बाबा... बसा ना जरा.

हंबीरराव : ताहेराला फोन लाव.

सृष्टी : काय सांगू? दगड घेऊन ये?

हंबीरराव : नुसती ये म्हनावं. दगूड हाय हितं तिचा.