बिनगोंड्याची किल्ली

मुलगा : मेली गं आई ती. लोक माणसं मेलेली मान्य करतात, तुला एक पत्र्याचं डबडं मान्य होत नाही.

आई : काल संध्याकाळी जिवंत होती. मी स्वतः आणून उभी केली या दारात. रात्रीतून कशी मेली? आणि तू सकाळी सकाळी तिच्यात काय करत होतास? मी अंघोळ करून बाहेर येते, तर हा आपला स्टिअरिंगला मिठी मारून बसलेला.

मुलगा : चालू होते का बघत होतो. तुझ्या शिवणाच्या डब्यातून किल्ली घेतली आणि बसलो. तुझ्याच काळजीने.

आई : काळजी! चार महिने साधा फोन नाही, आणि या आठवड्यात दोनदा काळजी. रविवारी पेट्रोल भरून आणायची, आज ही.

मुलगा : झालं सुरू. दे ना ती भंगारात. मेकॅनिक कशाला बोलावलास?

आई : अकराला धाकटीला दवाखान्यात पोचवायचंय म्हणून. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं तुझ्या मावशीला. उशीर झाला की पुढच्याला मशीन लावतात.

मुलगा : जगात टॅक्स्या संपल्या का?

आई : नाही संपल्या. परतताना तिला उलटी होते, आणि टॅक्सीवाला मध्येच उतरवतो. एकदा उतरवलंय. भर चौकात माझी बहीण फूटपाथवर पिशवी तोंडाशी धरून बसली होती. तेव्हापासून मीच नेते.

मुलगा : एकाहत्तराव्या वर्षी! तुला समोरचं दिसतं तरी का?

आई : समोरचं छान दिसतं. घरातलं तेवढं उशिरा दिसतं.

मेकॅनिक : काकू, आलो बरं का. काय म्हणते म्हातारी?

मुलगा : कोण म्हातारी?

मेकॅनिक : गाडी हो साहेब, गाडी.

मुलगा : बॅटरी गेलीय. नाहीतर स्टार्टर. मी मोबाइलवर बघितलंय सगळं.

मेकॅनिक : अरे वा! मग मी कशाला? मोबाइलच घाला बॉनेटखाली. काकू, जरा हॉर्न वाजवा... बास, बास, कान गेले! आता दिवे लावा. लख्ख आहेत की. साहेब, बॅटरी गेली म्हणता? मरणारं माणूस एवढं ओरडत नाही.

मुलगा : मग स्टार्टर असेल.

मेकॅनिक : बसा आत. फिरवा किल्ली. काय ऐकू आलं?

मुलगा : काही नाही.

मेकॅनिक : तेच तर. बॅटरी दमली असेल तर टकटकटक करते. स्टार्टर अडकला असेल तर एकच टक्, कुणी दारावर थाप मारल्यासारखी. हिने हूं की चूं केलं नाही.

आई : क्लच पूर्ण दाबलायस का? त्याशिवाय ही चालू होत नाही.

मुलगा : आता तू मला गाडी शिकवणार?

आई : शिकवीन की. बावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवलीय. चौदा पोरं आत, दप्तरं टपावर, आणि एकाही दिवशी कुणाची घंटा चुकली नाही. तुझीसुद्धा.

मुलगा : माहितीय. सगळ्या शाळेला माहिती होतं.

आई : म्हणून तर अलीकडच्या कोपऱ्यावर उतरायचास. व्हॅनवाली आई कुणाला दिसायला नको. बाकीच्यांची पोरं शाळेच्या दारात, माझं तेवढं कोपऱ्यावर. आरशात दिसायचास मला. मान खाली, दप्तर सावरत.

मुलगा : दहा वर्षांचा होतो मी, आई!

आई : चौदा. दहाचा होतास तेव्हा पुढच्या सीटसाठी भांडायचास.

मेकॅनिक : तुमचं चालू द्या. साहेब, क्लच दाबून पुन्हा फिरवा. थांबा, थांबा. तो किल्लीच्या चित्राचा दिवा मिचमिचतोय, तो कधीपासून?

मुलगा : सकाळपासूनच.

मेकॅनिक : किल्ली द्या बघू इकडे. काकू, तुमच्या किल्लीला हिरवा लोकरीचा गोंडा असतो ना?

आई : धाकटीने केलेला. आहे की.

मुलगा : मी काढला. मळला होता.

मेकॅनिक : गोंडा काढला, ठीक. पण हिचे दातही नवेकोरे आहेत, परवाच घासल्यासारखे. साहेब, ही नक्कल आहे. कुठलाही किल्लीवाला पाच मिनिटांत करून देतो. दार उघडतं हिने, आत घालून फिरवताही येते. पण खऱ्या किल्लीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. ती नसली की गाडी ओळखच देत नाही. इंजिनापर्यंत निरोपच जात नाही. काकू, तुमच्या गाडीला काहीही झालेलं नाही. तिला वाटलं, चोर आलाय. म्हणजे... गाडीला वाटलं.

आई : रविवारी अर्धा तास गेला होतास पेट्रोल भरायला. काटा होता तिथेच होता. म्हटलं, पंपावर गर्दी असेल, कंटाळून परत आला असेल पोर. आणि आज स्वतःची गाडी असून टॅक्सीने आलास. बरोबरच आहे. एका माणसाला दोन गाड्या कशा नेता येतील?

मुलगा : तुझ्या भल्यासाठीच करत होतो. कुठे धडकलीस तर लोक मला विचारतील.

आई : मग तोंडावर म्हणायचंस, आई, किल्ली दे. मी नाही म्हटलं असतं, तू ओरडला असतास, मीही ओरडले असते. भांडायला मी कधी नाही म्हटलंय? पण तुला आडूनच उतरायची सवय.

मेकॅनिक : साहेब, तुमचा फोन मघापासून वाजतोय.

मुलगा : वाजू दे.

(आई आत जाते, शिवणाच्या डब्यातली गोंड्याची किल्ली घेऊन येते. पहिल्याच फिरकीला गाडी सुरू होते.)

मेकॅनिक : घ्या साहेब. झाली जिवंत! येतो काकू, तुम्हाला उशीर होतोय.

मुलगा : आई...

आई : आधी तो फोन उचल. गाडीची वाट बघत कोण गिऱ्हाईक बसलंय, त्याला सांग, गाडी कामावर गेली.

मुलगा : सांगतो. आणि ही... ही दुसरी किल्ली?

आई : राहू दे तुझ्याकडे. दार तर उघडतं ना हिने? मावशीला हात धरून उतरवायला कधी यावंसं वाटलं, तर उपयोगी पडेल.

मुलगा : बरं. निघतो मी. टॅक्सी बघतो.

आई : टॅक्सी कशाला? तुझं घर वाटेतच आहे. मागे बस. पुढची सीट धाकटीची.

मुलगा : नको आई, खरंच.

आई : बस म्हणते ना. सांग, कुठे सोडू? दारात, की अलीकडच्या कोपऱ्यावर?